आधी कोच, मग पोरं, मग नावं

वाचकांचे प्रश्न

या वेळी फुटबॉलची तीनच पत्रं घेतोय. त्यातलं पहिलं इतकं मोठं निघालं की बाकीच्यांना जागा कमी उरली, राहिलेल्यांची उत्तरं पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही भांडुपचे. मित्रामित्रांनी मिळून तीन वर्षांपूर्वी क्लब रजिस्टर केला आणि गेल्या सीझनला एक डिव्हिजन वर आलो. आता एरियातले एक व्यावसायिक वर्षाला १२ लाख द्यायला तयार झालेत, त्यांचं म्हणणं एकच, टीम लोकांना दिसली पाहिजे. आमच्या कमिटीला वाटतं एक आफ्रिकन स्ट्रायकर ४ लाखांत आणि आयएसएलमधून (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची लीग) सुटलेले दोन सीनियर प्लेयर दीड-दीड लाखांत घ्यावेत, उरलेल्या पैशात बाकीचं बघू. वर आणणारी जुनी पोरं हे ऐकून नाराज आहेत. मी सेक्रेटरी आहे, टीम कशी बांधावी ते सांगा.
(भांडुप पश्चिम)

उत्तर: सेक्रेटरी साहेब, आधी मनापासून अभिनंदन. खालच्या डिव्हिजनमधून वर येणं काय असतं ते भर पावसात, चिखलात, बेंचवर तीनच पोरं असताना ज्याने मॅच काढलीय त्यालाच माहीत. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, स्ट्रायकर आहे, सीनियर आहेत, स्पॉन्सर आहे, पण कोच कोण आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. माझ्या मते अडचण तिथेच आहे.

टीम विकत घेता येत नाही, प्लेयर घेता येतात. हे आपण मुंबईकरांनी आपल्या डोळ्यांनी बघितलंय. २०१४ ला आयएसएलची मुंबई सिटी सुरू झाली तेव्हा स्वीडनचा ल्युंगबर्ग होता, फ्रान्सचा अनेल्का होता, नेरूळला डी. वाय. पाटीलवर आपण ती नावं बघायला गेलो, आणि आठ टीमांत नंबर आला सातवा. तीच मुंबई सिटी २०२०-२१ ला लीग शील्ड (साखळीत पहिला नंबर) आणि फायनलची ट्रॉफी दोन्ही घेऊन आली, तेव्हा कोच होते सर्जिओ लोबेरा, आणि गोव्यात त्यांच्या हाताखाली खेळलेले मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस, मंदार राव देसाई हे चौघं त्यांच्यासोबत इकडे आले होते. म्हणजे कोचला काय पाहिजे ते त्या चौघांना पहिल्या दिवसापासून पाठ होतं, बाकीचे त्यांच्याकडे बघून शिकले. फायनलला नव्वदाव्या मिनिटाला विनिंग गोल मारला बिपिन सिंगने, मणिपूरचा पोरगा, मोठ्या नावाचा मार्की प्लेयर नाही काही नाही.

तुम्ही म्हणाल त्यांच्याकडे पैसा होता. बरोबर आहे, म्हणून मिझोरमच्या ऐझॉल क्लबचं बघा. २०१५-१६ ला आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून खाली गेलेली टीम, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत घेतली गेली, आणि पुढच्याच वर्षी, २०१६-१७ ला, चॅम्पियन. कोच खालिद जमील, जे त्याआधी कितीतरी वर्षं आपल्या मुंबई एफसीचे कोच होते, आणि त्या टीममध्ये जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबईच्या फुटबॉलमधून वर आलेली पोरं होती. मिझोरमची पोरं आपल्या घरच्या मैदानावर एकत्र वाढलेली, त्यात कोचच्या ओळखीचे काही जण बाहेरून, आणि फॉरेनर मोजके पण कामाचे. शेवटच्या मॅचला शिलाँग लाजाँगशी ड्रॉ पाहिजे होता, १-१ केला आणि लीग घेतली.

आणि बंगळुरू एफसी. २०१३ ला क्लब काढला आणि पहिल्याच सीझनला आय-लीग जिंकली, लोक म्हणतात सुनील छेत्री होता म्हणून. छेत्री होताच, पण अॅशली वेस्टवूड कोच होता आणि त्या टीमच्या चार फॉरेनरपैकी दोन, जॉन जॉन्सन आणि कर्टिस ओसानो, डिफेन्समध्ये होते. नवा क्लब, जिंकायची घाई असलेला, आणि तरी अर्धे फॉरेनर मागे लावले. हे तुमच्या कमिटीला मीटिंगमध्ये जरूर सांगा, कारण नवीन क्लबात पहिला पैसा नेहमी स्ट्रायकरवर जातो आणि पहिले सहा गोल नेहमी मागून खाल्ले जातात.

आता तुमच्या मुद्द्यावर येतो.

पहिला माणूस कोच. लायसन्सवाला बघा, पण त्याहून जास्त हे बघा की तो आठवड्यातून चार दिवस मैदानावर उभा राहील का, कारण मुंबईत चांगले कोच एकाच वेळी दोन शाळा, एक अकॅडमी आणि एक क्लब सांभाळतात, त्यात त्यांची चूक नाही, घर चालवायचं असतं. म्हणून त्याला नीट पगार द्या आणि एकाच ठिकाणी ठेवा. प्लेयर कोण घ्यायचे हे त्याला बसवून ठरवा. कमिटीने आधी प्लेयर घेऊन ठेवायचे आणि मग कोचच्या हातात द्यायचे, असं केलं की तो दुसऱ्याच महिन्यात कारणं सांगायला लागतो, आणि त्याची कारणं खरी असतात.

दुसरं म्हणजे ट्रायलचा फॉर्म. त्यात नाव, जन्मतारीख, पोझिशन असतंच, अजून दोन रकाने वाढवा: राहतो कुठे, आणि कामावर किंवा कॉलेजला किती वाजता पोचायचं असतं. हे मी अगदी गंभीरपणे सांगतोय. मुंबईत टीम आधी लोकलच्या टाइमटेबलवर बांधली जाते, मग मैदानावर. तुमचा सराव सकाळी सहाला भांडुप-कांजूरच्या बाजूला असेल तर ठाणे, कळवा, मुलुंड, विक्रोळी, घाटकोपरचा पोरगा येऊ शकतो, मानखुर्दचा कुर्ल्याला बदलून येऊ शकतो, पण वसईचा पोरगा कितीही गुणी असला तरी तो पहाटे उठून दादरला गाडी बदलून सहाला पोचणार आणि नऊला परत अंधेरीला कामावर जाणार, हे तीन आठवडे चालतं, चौथ्या आठवड्यात त्याचा फोन लागत नाही. तो आळशी नाही हो, तो थकलेला असतो. दोन पोरं सारख्याच ताकदीची असतील तर जवळचा घ्या. जवळचा थोडा कमी असेल तरीही जवळचाच घ्या, कारण वर्षभरात त्याचे शंभर सराव होतील आणि दुसऱ्याचे चाळीस.

हे मी शिकलो ते नुकसान करून घेऊन. काही वर्षांपूर्वी मी एका क्लबात गोलकीपर कोच होतो, तुमच्यासारखाच नवीन क्लब, पैसे आले होते, तीन नाववाले प्लेयर घेतले, एक कीपर, एक स्टॉपर (मधला डिफेंडर), एक फॉरवर्ड. तिघंही फक्त मॅचच्या दिवशी यायचे. सराव करायची बाकीची पोरं, आणि मॅचला ती बेंचवर. प्रमोशनची मॅच होती, पाऊस नुसता कोसळत होता, सत्तराव्या मिनिटापर्यंत ०-०, आणि कॉर्नर आला. कीपर ओरडला "माझा", पण स्टॉपरने त्याचा आवाज आधी कधी सरावात ऐकलेलाच नव्हता, तो पण उडाला, दोघं एकमेकांवर आदळले आणि बॉल मागे उभ्या असलेल्या पोराच्या गुडघ्याला लागून आत गेला. आम्ही १-० हरलो. दिवाळीनंतर पैसे थांबले, तिघं गेले, त्यांचंही बरोबर होतं, पण तोपर्यंत बेंचवरची पाच पोरंसुद्धा दुसरीकडे सह्या करून बसली होती. आमचा राखीव कीपर रोज साडेपाचला यायचा, नेट बांधायचा, शेवटपर्यंत एक मॅच नाही मिळाली त्याला. तो आता खेळत नाही. त्या पोराचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं सरळ सांगणं, २४ जणांची टीम करा. त्यात तीन कीपर, आणि त्यातला एक १९ च्या आतला. चार-पाच सीनियर असे घ्या जे बँकेत, रेल्वेत किंवा दुसऱ्या ऑफिसात नोकरी करतात, वय २८ ते ३२, ज्यांना ही लीग, इथले रेफरी, पावसातला बॉल सगळं माहीत आहे, त्यांना पगार नको असतो, मान आणि वेळेवर सुरू होणारा सराव पाहिजे असतो. दहा-बारा जण २० ते २५ चे, आणि यात तुमची वर आणणारी जुनी पोरं आधी मोजा. उरलेली १९ च्या आतली, आणि त्यांना ब संघ किंवा ज्युनियर मॅचमध्ये रोजचा खेळ मिळेल याची सोय करा, नुसतं जर्सी देऊन बसवू नका.

बांधणी मागून करा. कीपर आणि दोन स्टॉपर, हे तिघं एकाच वेळी ठरवा आणि दोन महिने एकत्र ठेवा, मग त्यांच्या पुढचा सेंटर हाफ, ज्याला सेकंड बॉल (टक्करीनंतर सुटा पडलेला) उचलता येतो. साइडबॅक (बाजूचे डिफेंडर) पळणारे पाहिजेत, आपल्याकडे चांगले विंगर भरपूर आहेत, त्यातल्याच एकाला मागे आणून शिकवता येतं. स्ट्रायकर सगळ्यात शेवटी.

आयएसएलमधून सुटलेल्या दोघांपैकी एक घ्या, दोन नको. जो स्टॉपर किंवा मधल्या फळीत खेळतो तो घ्या, आणि तो मुंबईत राहत असेल, चारही दिवस सरावाला यायला तयार असेल तरच. हे तोंडी नको, लिहून घ्या. असा एक माणूस रोज पोरांच्या शेजारी उभा राहिला तर कोचचं निम्मं काम होतं, खायचं काय, झोपायचं किती, बूट कसे सुकवायचे इथपासून. आफ्रिकन स्ट्रायकरचं यंदा राहू द्या. विरोध त्या माणसाला नाही, मी त्यांच्यातले कष्टाळू, अत्यंत साधे प्लेयर पाहिलेत जे एका खोलीत सहा जण राहून दिवस काढतात. पण त्याचा व्हिसा, त्याच्या देशाच्या फेडरेशनकडून येणारं ट्रान्सफर सर्टिफिकेट, तुमच्या डिव्हिजनमध्ये फॉरेनर चालतो का याचा नियम, राहायची खोली, हे सगळं नीट करायला माणूस लागतो आणि तुमच्याकडे तो नाही. अर्धवट कागदांवर कोणाला इतक्या लांब आणून ठेवणं बरोबर नाही.

पैशांचं मी असं करीन: कोचला महिना २५ हजार, दहा महिने, अडीच लाख. कीपर कोच पार्टटाइम ८ हजार, म्हणजे ८० हजार. वीस पोरांना महिना दोन-दोन हजार प्रवास आणि खाण्याचे, नऊ महिने, ३ लाख ६० हजार, आणि हे दर महिन्याच्या ५ तारखेला, एकदाही न चुकता. मैदानाला अडीच लाख धरा. फिजिओ आणि औषधपाण्याला एक लाख, याला हात लावायचा नाही. कपडे, बॉल, रजिस्ट्रेशन ८० हजार. उरतात ८० हजार, ते बँकेत ठेवा. त्या एका सीनियरला काही द्यायचं असेल तर कमिटीने वर्गणी काढा, पोरांच्या प्रवासखर्चातून नको. तुम्हाला ही रक्कम प्लेयरवर कमी वाटेल, पण १२ लाखांतले जवळजवळ सगळे पैसे पोरांच्याच अंगावर जातायत, फक्त चेकवर त्यांचं नाव नाही.

बँकेतल्या ८० हजारांचा हट्ट का, तर महिंद्रा युनायटेड आठवते ना, आपली मुंबईची टीम, २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली, २०१० ला बंद झाली. मालक मोठा होता, टीम चांगली होती, तरी एक निर्णय झाला आणि संपलं. आणि २०२५ मध्ये आयएसएलचाच सीझन ठरलेल्या वेळी सुरू झाला नाही तेव्हा देशातले सगळ्यात वरचे प्लेयर घरी बसून होते. तिथे असं होतं तर आपल्याकडे पैसे एक-दोन महिने उशिरा येतील हे धरूनच चालायचं.

स्पॉन्सरना टीम दिसायला पाहिजे, ते चुकीचं नाही मागत. त्यांना म्हणा रविवारी सकाळी १३ वर्षांखालच्या पोरांचं शिबिर तुमच्या नावाने करू, आजूबाजूच्या पालिका शाळांतून पोरं येतील, आईवडील येतील, आणि सीनियर टीमच्या मॅचला तीच पोरं ओरडायला येतील. एका स्ट्रायकरचा फोटो दोन महिने चालतो, या पोरांच्या अंगावरची जर्सी भांडुपच्या गल्लीगल्लीत वर्षभर फिरते.

जुन्या पोरांशी मात्र ग्रुपवर मेसेज टाकून बोलू नका, एकेकाला भेटा. ज्याला घेणार नाही त्याला कोचने समोर बसवून सांगायचं, आणि एनओसी (दुसऱ्या क्लबात जायची परवानगी) अडवायची नाही. अजून एक, सीझन चालू असताना रात्रीच्या रिंक (छोट्या मैदानावरच्या) टुर्नामेंट आणि दहीहंडी याचं आधी ठरवून घ्या. हंडीचा मला आदर आहे, पोरं लहानपणापासून त्या पथकात असतात, नाही म्हणणं सोपं नाही, पण चौथ्या थरावरून पडलेला साइडबॅक मी हॉस्पिटलमध्ये बघायला गेलोय. कोचने जूनमध्येच पोरांच्या घरी आणि पथकाच्या प्रमुखांशी बोलावं, प्रेमाने सांगितलं तर ऐकतात.

ट्रायलची तारीख ठरली की कळवा. कीपरची ट्रायल मी येऊन घेईन.

प्रश्न: मी मूळचा कोल्हापूरचा, आता दादरला नोकरी. शाहू स्टेडियमला पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ यांच्या मॅचला जेवढी गर्दी होते तेवढी मुंबईत लीगला नाही. मग मुंबईचे नवीन क्लब कोल्हापूरची पोरं का आणत नाहीत?
(दादर)

उत्तर: तुमचा अभिमान योग्य आहे. कोल्हापूरसारखी पेठ पेठेशी भिडणारी मॅच आणि त्यासाठी वर्षभर जगणारी माणसं मुंबईत नाहीत, आणि अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला तो तिथलाच. पण तोही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत राहून घडला, म्हणजे राहायची, जेवायची, शाळेची सोय आधी होती. मुंबईच्या छोट्या क्लबाकडे खोली नाही, इथे भाडं प्लेयरच्या मानधनापेक्षा जास्त. हॉस्टेल असलेला क्लब असेल तर त्याने नक्की दोन पोरं आणावीत, दोन एकत्र, एकटा पोरगा पहिल्या महिन्यात घरी पळतो. बाकीच्यांनी मे महिन्यात कोल्हापूरला टीम घेऊन जावं आणि तिथे चार मॅच खेळाव्यात. पाच हजार लोक अंगावर ओरडत असताना पास द्यायचा कसा हे पोरांना इथे कुठलाच टर्फ शिकवू शकत नाही.

प्रश्न: माझा मुलगा १६ वर्षांचा, मालवणीला खेळतो, डाव्या पायाचा आहे. यंदा दहावीला आहे. एका क्लबाने तीन वर्षांच्या कागदावर सही मागितली, म्हणाले आता नाही केली तर पुन्हा विचारणार नाही. शिवाय एक जण म्हणाला वय दोन वर्षं कमी दाखवलं तर वरच्या अकॅडमीत घेतील. काय करू?
(मालाड पश्चिम)

उत्तर: ताई, वयाचं आधी, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. अजिबात करू नका. वरच्या लेव्हलला मनगटाचा एमआरआय, एक्स-रे काढून वय तपासतात, आज नाही तर दोन वर्षांनी पकडलं जातं, आणि शिक्षा त्या पोराला होते, ज्याने सल्ला दिला तो तेव्हा कुठेच नसतो. आणि १४ च्या पोरांत १६ चा पोरगा नुसत्या अंगाच्या जोरावर खेळतो, डावा पाय शिकायचाच राहतो.

आता सही. फिफाच्या नियमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या प्लेयरशी तीन वर्षांपेक्षा जास्त करार करता येत नाही, म्हणजे त्यांनी शेवटच्या मर्यादेपर्यंत मागितलंय. मी तुमच्या जागी असतो तर एकच वर्ष म्हटलं असतं. कागदाची कॉपी घरी आणा, दोन दिवस ठेवा, वाचता येणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, जो क्लब कॉपी द्यायला नाही म्हणतो तिथे सही करू नका. तीन गोष्टी विचारा: मुलगा कुठल्या वयोगटाच्या मॅच खेळणार आणि वर्षाला साधारण किती, लागलं तर डॉक्टरचा खर्च कोण करणार, आणि फेडरेशनच्या सिस्टीममध्ये त्याची नोंद कुठल्या क्लबाच्या नावाने होणार.

ती नोंद का महत्त्वाची ते सांगतो, भांडुपच्या सेक्रेटरींनीही वाचावं. १२ व्या वर्षापासून ज्या ज्या क्लबात मुलगा रजिस्टर होऊन शिकला त्याची फिफाकडे किंमत आहे, पुढे तो प्रोफेशनल झाला तर त्या क्लबांना ट्रेनिंगची भरपाई मिळू शकते, आणि परदेशी क्लबात पैसे देऊन ट्रान्सफर झालं तर त्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंत वाटा त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांत वाटला जातो. छोट्या क्लबाला स्वतःची पोरं सांभाळायचं हे एक रोखीचं कारण आहे, पण त्यासाठी रजिस्ट्रेशन वेळेवर आणि खऱ्या वयाने झालेलं लागतं. म्हणून मालवणीत ज्या सरांकडे तो शिकला त्यांच्या क्लबात त्याची नोंद झालीय का तेही बघा, झाली नसेल तर आजच करा, त्यांचा हक्क आहे तो.

"आता नाही तर कधीच नाही" असं जो म्हणतो त्याला सांगा आधी दहावीची परीक्षा आहे, एप्रिलला येतो. डाव्या पायाचा प्लेयर एप्रिलमध्येही सगळ्यांना लागतो. निकाल लागला की पत्र टाका, आणि तो कुठल्या पोझिशनला खेळतो तेही लिहा, या वेळी राहिलं.